भोपाळ की पुणे? इंद्रपुरीतून मांडलेला हिशेब

महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक मराठी घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच: "तुम्ही पुण्याला का नाही येत?" दिवाळीला आलेला दीर विचारतो, लग्नात भेटलेली मावशी विचारते. यंदा आमच्याकडे तो खराखुरा दारात उभा राहिला. नवऱ्याला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. मुलगी आठवीत, सासूबाई पंच्याहत्तरीच्या. मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तुमच्यापैकी कुणी याच वळणावर असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

आधी आपण इथे कसे आलो ते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबंही आली. त्याच सुमारास इथे हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहिला. माझे सासरे पुढे तिथेच लागले. निवृत्त झाल्यावर टाउनशिपमधलं क्वार्टर सोडून त्यांनी लगतच्या इंद्रपुरीत घर बांधलं.

सरकारी याद्याही पाहिल्या. २०१८च्या राहण्यायोग्य शहरांच्या निर्देशांकात १११ शहरांपैकी पुणे पहिलं होतं आणि भोपाळ दहावं. २०२४-२५च्या स्वच्छ सर्वेक्षणात मात्र दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत भोपाळचा नंबर दुसरा. यादी बदलली की निकाल बदलतो. म्हणून आम्ही आपला रोजचा दिवसच मोजायला घेतला.

नवऱ्याचं ऑफिस गोविंदपुऱ्यात. सकाळी नाश्ता सगळ्यांबरोबर होतो, संध्याकाळी अंधार पडायच्या आत गाडी फाटकात. पुण्यातली नोकरी हिंजवडीची, तिथे राहणारा माझा भाऊ सांगतो, "अंतर किलोमीटरमध्ये विचारू नकोस, तासांत विचार." इथे घर स्वतःचं, तिथे भाड्याचं. पगारातली वाढ भाडं आणि शाळेची फी यांतच बरीचशी जिरणार होती. रविवारी मोठ्या तलावावर किंवा वनविहारला जायला आम्हाला बेत आखावा लागत नाही.

पण पुण्याची बाजूही लंगडी नाही. तिथे एक नोकरी गेली तर दुसरी त्याच रस्त्यावर मिळू शकते. इथे नवऱ्याच्या कामाला एक दार बंद झालं की पुढचं थेट इंदूरला. मराठी नाटक पुण्यात कुठल्याही आठवड्यात पाहता येतं, इथे ते आलं की आम्ही नातेवाइकांना फोन करतो. आणि लेकीचं मराठी! "आई, मी सब्जी आणायला जाऊन राहिली" हे आमच्या घरात कुणालाच खटकत नाही. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने शाळेत मराठी सक्तीचं झालं आहे. बोलता येणं आणि पेपर लिहिणं यांतला फरक तिला तिथे पहिल्याच चाचणीत कळला असता.

सगळ्यात जड रकाना प्रवेशांचा निघाला. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही तिथूनच व्हावी लागतात, शिवाय अधिवासाची अटही असते. म्हणजे दहावी भोपाळला आणि मग पुणे असं केलं, तर तिकडचा कोटा हातचा जातो. इकडच्या सवलतींचे नियमही पुन्हा तपासत बसावे लागतात. जायचं तर आत्ताच, नाहीतर बारावीनंतर. मधली वाट नाही.

सासूबाईंना विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जा, मी इथे राहीन." साकेत नगरचं एम्स जवळ आहे, शेजारपाजार पन्नास वर्षांच्या ओळखीचा आहे. पुण्यातल्या आठव्या मजल्यावर त्यांना भाऊ-वहिनीशिवाय कुणी ओळखणारं नव्हतं. आणि त्यांना इथे एकटं ठेवणं आमच्या कागदावर कुठल्याच रकान्यात बसेना.

नवऱ्याने पुण्याला नकार कळवला. त्या रात्री तो जेवताना फारसं बोलला नाही. पुन्हा असं बोलावणं येईलच असं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. लेक बारावीनंतर अखिल भारतीय जागांमधून पुण्याला जाऊ शकते, तेव्हा तिचं ती ठरवेल. तोवर रोज संध्याकाळी ती आजीला मराठी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचून दाखवते आणि आजी मधेच थांबवून ळ आणि ल सुधारते.

तुमची मुलं सहावी-सातवीत असतील, तर हा कागद आत्ताच काढा. पगार आणि भाडं शेवटी लिहा. वरती मुलांची दहावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं वय लिहा. या दोन तारखा कुणासाठी थांबत नाहीत.