हब्बनहट्टीच्या पाण्यातले गवत

लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची दोन फुटी काचेची टाकी माझ्या ताब्यात आली. टाकीत सहा गप्पी मासे आणि तळाच्या वाळूत तपकिरी-हिरव्या पानांची पाच रोपे. जाताना तिने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. ‘बाबा, माशांना चिमूटभरच खायला घाला, आणि झाडांना हात लावू नका.’

मी इतिहास शिकवणारा माणूस. झाडाला ऊन आणि स्वच्छ पाणी मिळाले की ते वाढते, एवढेच माझे वनस्पतिशास्त्र. डिसेंबरच्या सुट्टीत टाकी उचलून खिडकीशी ठेवली, सगळे पाणी काढले, वाळू धुतली, नळाचे ताजे पाणी भरले आणि रोपे पुन्हा नीट रांगेत लावली. आठ दिवसांत पाने काचेसारखी पारदर्शक झाली आणि मग साबुदाण्याच्या खळीसारखी विरघळू लागली. काचेवर हिरवा थर चढला तो वेगळाच. दोन रोपे मेली असे समजून उपटून फेकली. फोनवर लेकीला यातले काही सांगितले नाही.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना सांगितले, तर ते हसले. म्हणाले, ‘ही क्रिप्टोकोरिन वेंडटी. मूळची श्रीलंकेची. हिची चुलत बहीण आपल्या मलप्रभेत आहे. रविवारी चला.’

जानेवारीतला रविवार. बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटीच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता पुढे कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरतो. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीलाच. जांबोटीजवळ हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुतीचे देऊळ आहे. पावसाळ्यात नदी चढली की देऊळ पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरले की पुन्हा पूजा सुरू होते. आम्ही गेलो तेव्हा खडकाखडकांतून गुडघाभर पाणी वाहत होते आणि दर्शनाला आलेली मुले त्यात डुंबत होती.

देवळापासून थोडे वर, दोन खडकांमधल्या संथ पाण्यात ते दिसले. फितीसारखी लांब, किंचित पिळलेली पाने प्रवाहाबरोबर डुलत होती. क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस. पलीकडे म्हशी धूत असलेल्या गृहस्थांना मी नाव विचारले. ‘तेला काय नाव असतंय, सर? पाण्यातलं गवत ते,’ म्हणाले आणि म्हशीकडे वळले.

सहकारी खडकावर बसून सांगू लागले. हे रोप पावसाळ्यात खोल, गढूळ, धावत्या पाण्याखाली असते. उन्हाळ्याकडे पाणी उतरते तसे ते निम्मे उघडे पडते आणि याच उतरत्या पाण्याच्या दिवसांत फुलते. परिस्थिती एकदम बदलली की पाने टाकून द्यायची आणि जमिनीखालचा कंद-मुळे तेवढी राखायची, ही या कुळाचीच रीत. बाजारातली पुष्कळ रोपे तर रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. टाकीत बुडवली की जुनी पाने जातात आणि पाण्यात जगणारी नवी येतात. ‘तुम्ही जागा, उजेड आणि पाणी, तिन्ही एका दिवशी बदललेत. पाने गेली म्हणजे रोप मेले नाही. फेकलेल्या दोघांची मुळे पाहिली होतीत का?’

पाहिली नव्हती. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती.

त्यातले एक रोप उपटून न्यावे असे मनात आले, खोटे कशाला बोलू. पण सह्याद्रीतल्या अशा ओहोळांवर बंधारे, वाळूउपसा आणि कपड्यांचा साबण यांचे ओझे आधीच आहे, त्यात हौशी लोकांची भर नको. उलटही तितकेच खरे. टाकीत फार माजलेली परदेशी रोपे नदीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने पंचगंगेचे काय केले ते कोल्हापूरकरांना विचारावे.

घरी आल्यावर टाकी खिडकीतून काढून भिंतीशी ठेवली. हा शेवटचा बदल, असे बायकोसमोर कबूल केले. थेट उन्हाने काचेवर शेवाळ धरते, म्हणून आता दिवा रोज सात-आठ तास, ठरलेल्या वेळी. पूर्वी मी पेपर तपासत बसलो की तो मध्यरात्रीपर्यंत जळत असे. पाणी आठवड्याला चौथा हिस्साच बदलायचे, तेही क्लोरीन उडून जावे म्हणून बादलीत एक दिवस ठेवून. वाळू अडीच-तीन इंच जाड हवी, कारण ही रोपे बरेचसे अन्न मुळांनी घेतात. लावताना मात्र खोडाचा माथा वाळूत पुरायचा नाही, तो कुजतो. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप दिवसा बंद केला, कारण पाणी फार घुसळले की झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मासे सहाच असल्याने त्यांचे अडले नाही. कुजकी पाने तेवढी कात्रीने काढली. गोल्डफिश आणायचा माझा विचार होता, तो सोडला. तो कोवळी पाने कुरतडतो.

आणि मग काही करायचे नाही. हे सर्वांत अवघड. रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीपुढे बसायचो आणि उघड्या वाळूकडे बघायचो. बायको म्हणाली, ‘मळ्यात लावणी केल्यासारखे काय बघता?’ विसाव्या-एकविसाव्या दिवशी एका जागी सुतळीएवढी, गुंडाळलेली तपकिरी सुरळी वाळूतून वर आलेली दिसली. चार दिवसांनी दुसरी. महिना संपता तिन्ही रोपांना पाने होती, पहिल्यापेक्षा अरुंद, पण ताठ.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. माशांची चौकशी झाली.

‘आणि झाडं?’

‘दोन गेली,’ मी म्हटले. ‘तीन आहेत.’

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, ‘बाबा, टाकी हलवली होती ना तुम्ही?’