दिव्याचा सूर

विजेरीचा उजेड थरथरतो, असें आई कितीतरी दिवस म्हणत होती; आणि डोळ्यांचा दोष ती बिचाऱ्या दिव्याच्या माथीं मारीत आहे, असें मी मनाशीं ठरवून टाकलें होतें. वृद्धांच्या तक्रारींवर वयाचा शिक्का मारून आपण किती चटकन मोकळे होतों! रात्रीं वीज गेली असतां ती सुईंत दोरा ओवूं लागली, कीं म्हणे, “अरे, एका सुईच्या चार सुया दिसतात.” मी विजेरी झगझगीत करून भिंतीवरचा निश्चल उजेड तिला दाखवीं आणि ‘चष्मा बदलूं’ असें सांगून वाद संपवीं.

एका रिकाम्या दुपारीं मला परीक्षेची लहर आली. मोडक्या कॅल्क्युलेटरांतली बोटभर सौरपट्टी काढून तिच्या दोन तारा लहानशा स्पीकराला जोडल्या. पट्टीवरचा उजेड कमीजास्त झाला, कीं तारांतली वीजहि कमीजास्त होते आणि स्पीकर तें बोलून दाखवितो. १८८० सालीं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें प्रकाशकिरणावरून मनुष्याचा आवाज पाठविला, तो अशाच युक्तीनें. त्याच्याजवळ सेलेनियम होतें, इतकेंच.

प्रथम जुन्या, तारेच्या बल्बाची विजेरी समोर धरली : शांतता. मग आईची विजेरी पूर्ण तेजावर लावली : तरीहि शांतता. मी विजयी मुद्रेनें ती मंद केली मात्र, आणि भुंग्यासारखा एक अखंड सूर निघूं लागला! पेटी पुढें ओढली. पांढरी सातशीं तो जवळजवळ जुळला. मल्टिमीटरानें आंकडा दिला : २४८. म्हणजे दिवा मंद होतच नव्हता! सेकंदाला सुमारें अडीचशें वेळां तो विझत होता, पेटत होता आणि विझण्याचा काळ वाढवून मंदपणाचें सोंग आणीत होता. स्थिर नजरेला हें कपट कळत नाहीं. पण सुई हलली, कीं प्रत्येक लखलखाटागणिक तिची एकेक प्रतिमा उमटते. सेल वांचावे म्हणून आई विजेरी नेहमीं मंदच ठेवी. आणि मी परीक्षा घेईं, ती पूर्ण तेजावर!

मी तिला बोलावून तो सूर ऐकविला. क्षणभर ऐकून ती म्हणाली, “हेंच तर मी सांगत होतें.”

मोडक्या यंत्राच्या तुकड्यावर जो विश्वास मी एका दुपारींत टाकला, तो तिच्या शब्दावर टाकावयास मला इतके दिवस पुरले नव्हते. जुनी विजेरी आतां तिच्या उशाशीं असते. चष्म्याचा विषय मीं पुन्हां काढलेला नाहीं.