सुदाम्याचे पोहे आणि देवळाची भिंत

इंदूरच्या सुदामा नगरात माझी मावशी राहते. लग्न होऊन गोव्याहून गेली त्याला आता पन्नासेक वर्षं झाली. कोकणी अजून विसरलेली नाही, पण मराठीत माळव्याची हवा शिरली आहे. सकाळी उठल्याबरोबर पुढ्यात पोह्यांची बशी येते. वर शेव, जीरावण आणि शेजारी जिलबी! सुदाम्याच्या नगरात पोहे हे अगदी शास्त्राला धरूनच झालं, असं मी दरवेळी म्हणतो आणि दरवेळी मावशी तितक्याच प्रेमाने हसते.

या खेपेला मात्र पोहे घशाखाली उतरायच्या आतच मावसभावाने विषय काढला. "दादा, तू जरा हिला समजाव. बारावी सायन्स झाली, मार्क चांगले आहेत आणि आता म्हणते कलेचा इतिहास शिकणार!"

हिला म्हणजे त्याच्या मुलीला. ती शांतपणे जिलबी खात होती.

"चित्रं काढायची म्हणाली असती तरी समजलो असतो," भाऊ पुढे म्हणाला. "पण दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांचा इतिहास? त्यावर पोट भरतं का? सुदामा नगरात राहतो म्हणून सुदाम्यासारखंच राहायचं की काय?"

आयआयटी आणि आयआयएम दोन्ही असलेल्या शहरातल्या बापाने हे विचारावं, यात त्याचं काय चुकलं? मी काका म्हणून गंभीर चेहरा केला आणि म्हटलं, बघू. दुपारी पोरगी म्हणाली, "काका, समजावायचंच आहे तर माझ्याबरोबर चला. इंदूर बघत बघत समजावा."

तर मंडळी, त्या दुपारी समजवायला गेलेला मी समजून घेऊन परत आलो.

आधी तिने मला संग्रहालयात नेलं. हिंगलाजगढहून आणलेली परमारकालीन शिल्पं तिथे आहेत. मी नेहमीप्रमाणे "वा, सुंदर!" म्हणून पुढे निघालो. ती म्हणाली, "थांबा. हातात काय आहे ते बघा. वाहन बघा. मग सांगा ही कोण." दहा मिनिटं एकाच मूर्तीपुढे उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ. नुसतं पाहणं आणि वाचणं यातला फरक तिथे थोडा थोडा कळू लागला.

मग रिक्षा माणिकबागेवरून गेली. यशवंतराव होळकरांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून हा महाल सजवून घेतला. त्या काळी युरोपातही नवं वाटेल असं फर्निचर त्यात होतं. ब्रांकुशी या शिल्पकाराचे संगमरवरी पक्षी महाराजांनी विकत घेतले होते आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक मंदिर बांधायचा बेत होता. मंदिर झालंच नाही. काळा आणि पांढरा असे दोन पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले, फर्निचरचा लिलाव १९८० साली मोनॅकोला झाला आणि महालात करखात्याचं कार्यालय आलं. २०१९ साली पॅरिसमध्ये या सगळ्याचं मोठं प्रदर्शन भरलं. "आमच्या गल्लीतली गोष्ट पॅरिसवाल्यांनी सांगितली, काका," ती म्हणाली. "आमच्यापैकी कुणी सांगायला नको?"

याच इंदुरात १९२७ साली दत्तात्रय देवळालीकरांनी कलाशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर आणि काही काळ मकबूल फिदा हुसेन त्यांच्या हाताखाली शिकले. बेंद्रे १९५० साली बडोद्याला गेले. तिथल्या विद्यापीठात ललित कला विद्याशाखा नुकतीच उभी राहत होती. चित्रकला आणि कलेचा इतिहास एकाच आवारात शिकवायचा, ही तिथली रीत. आमच्या पोरीला जायचं होतं ते तिथेच. म्हणजे इंदूर-बडोदा ही वाट तिच्या आधी बेंद्र्यांनीच मळून ठेवलेली!

रात्री भावापुढे मी हुसेनची 'ग्राम यात्रा' काढली. १९५४ सालचं, जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र. नॉर्वेत राहणाऱ्या एका डॉक्टरने ते दिल्लीत घेतलं आणि १९६४ साली ऑस्लोच्या इस्पितळाला दिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ते सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरना, म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास विकलं गेलं. भावाचे डोळे मोठे झाले. पोरगीच म्हणाली, "बाबा, त्यातला एक रुपयाही मला नाही मिळणार हां! चित्र खरं आहे का, कुणाकडून कुणाकडे गेलं, ते शोधणाऱ्याला पगार मिळतो."

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. संग्रहालयात अभिरक्षक किंवा नोंदी ठेवणारा. पुरातत्त्व खातं. कलादालनं आणि लिलावघरं. कलेवरची पुस्तकं काढणारे प्रकाशक. कला महाविद्यालयात अध्यापन, कारण चित्रकलेच्या विद्यार्थ्यालाही कलेतिहासाचा पेपर असतोच. त्यासाठी एम. ए. आणि नेट हवी. आणि जतनशास्त्र, म्हणजे जुनी चित्रं, भिंती, कापड टिकवण्याची विद्या. १९८९ साली दिल्लीत सुरू झालेली आणि आता नॉयडात असलेली केंद्र सरकारची संस्था कलेतिहास, संग्रहालयशास्त्र आणि जतन असे तिन्ही विषय एम. ए.ला शिकवते. दुसऱ्या बाजूलाही लिहिलं : जागा थोड्या, सरकारी भरती रेंगाळणारी, पुष्कळ कामं कंत्राटी आणि पहिली काही वर्षं ओढाताणीची. खोटं कशाला सांगा?

"मग तू काय म्हणतोस?" भावाने विचारलं.

आता मला खरं बोलणं भाग होतं. मी मोबाइलमधला एक फोटो काढला. आमच्या देवळातल्या मुंजीचा, फार जुना. बटू, भटजी, पाहुणे आणि मागे भिंत. फोटो हातात घेताच पोरगी ओरडली, "काका, ही तर कावी!"

होय, कावी. चुन्याच्या गिलाव्यावर काव म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. वेली, पक्षी, देवादिक. आमच्या कोकणपट्टीची ही कला. वीसेक वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. भिंत कळकट दिसते, टाइल्स लावूया, देणगीदारही आहे, असं महाजनांच्या बैठकीत ठरलं. एक म्हातारे गृहस्थ तेवढे म्हणत राहिले, "ही जुनी आहे, हात लावू नका." जुनी म्हणजे काय, कशी केलेली, का ठेवायची, हे त्यांना सांगता येईना. मला दोन पदव्या होत्या. मलाही येत नव्हतं. हात वर करा म्हटल्यावर मी हात वर केला. गिलावा खरवडून टाकला आणि गुळगुळीत टाइल्स आल्या. "कावी" हा शब्द मला त्यानंतर काही वर्षांनी एका लेखात भेटला.

त्या बैठकीत हा विषय शिकलेलं एक माणूस असतं तर... मी एवढंच भावाला सांगितलं. तो काही बोलला नाही. मावशी म्हणाली, "आमच्या लहानपणची ती भिंत? मोर होता रे तिच्यावर." फोटोत मोर नाही. भटजी मध्ये आले आहेत.

शेवटी भावाने तोडगा काढला : आधी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. आणि मग जतनाची वाट. पोरगी म्हणते, नाही, सरळ बडोदा. अजून वाद मिटलेला नाही.

निघायच्या दिवशी तिने तो फोटो मागून घेतला. गोव्यात पोचलो तर तिचा निरोप येऊन पडला होता. भिंत कोणत्या दिशेची? कारागीर कुठले? कुणाच्या घरी आणखी फोटो असतील? असे बारा प्रश्न. मला तिनांचीच उत्तरं आली. बाकीच्यांसाठी आता गावातल्या घरोघरी जाऊन मुंजी-लग्नांचे जुने आल्बम मागत हिंडतो आहे. तुमच्याकडे असा एखादा असेल, तर पाहुण्यांच्या मागे काय आहे ते जरा बघाल?