पाचोळ्याचा वसंत

आपल्याकडे वसंत झाडावर दिसण्याआधी रस्त्यावर दिसतो. माघ सरत आला की पुण्यातल्या देशी बदामाची पानं शेंदरी-लाल होऊन गळू लागतात. पाठोपाठ पिंपळ, कडुनिंब, विलायती शिरीष. पहाटेचा खराटा नेहमीपेक्षा लांबतो, कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग लागतात आणि बघता बघता त्याच फांद्यांवर तांबूस पालवी लवलवायला लागते. युरोपात पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये अख्खा हिवाळा असतो. आपल्या झाडांना इतकी उसंत कुठली? जुनं पुरतं झटकून होत नाही तोच नवं अंगावर यायला सुरुवात.

आपण कौतुक करतो ते पालवीचं. पाचोळ्याला काडी लावतो. कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, पण फाल्गुनातल्या सकाळी फिरायला निघालं तर नाकाला वेगळंच कळतं. उन्हाळी भाजी लावणाऱ्याच्या जिवाला हा धूर विशेष लागतो, कारण त्याला जे हवं असतं तेच नेमकं जळत असतं, आणि तेही ऐन गरजेच्या महिन्यात.

आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेला जमीन म्हणायचं ते केवळ सातबाऱ्यापुरतं. वीतभर खणलं की मुरूम, विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा. तिथं खाली खणण्यापेक्षा वर चढणं शहाणपणाचं, म्हणून सिमेंट न लावता नुसत्या विटा रचून फूटभर उंचीचे वाफे केले. रुंदी चार फूट. दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही, माती दबत नाही. थंड देशांत उंच वाफ्याचं महत्त्व असतं ते त्यातली माती वसंतात लवकर तापते म्हणून. कोकणात माती उंच करतात ती पावसाचं पाणी निचरून जावं म्हणून. घाटावरच्या चैत्रात मात्र हाच उंचपणा अंगाशी येतो. वरून ऊन, बाजूंनी झळा, आणि खालच्या मुरमातून ओल अशी मिळत नाहीच. सकाळी घातलेलं पाणी दुपारी चारला कुठं गेलं याचा पत्ता लागत नाही.

इथं पाचोळा कामाला येतो. भेंडी, गवार, चवळी टोकून झाली, रोपं चार पानांवर आली, की वाफ्यावर चार बोटं जाडीचा थर पसरायचा. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर ओलीनं खोड कुजतं. मग एखाद्या भर दुपारी थर बाजूला सारून मातीत बोट खुपसून पाहावं. वरचं पान हाताला चटका देतं, आणि त्याच्याखाली एका पेरावर माती थंड, ओलसर, चिमटीत धरली तर गोळा होणारी. गांडुळं दडलेली असतात ती तिथंच. परभणी क्रांती हा भेंडीचा वाण पांढऱ्या माशीनं पसरणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देण्यासाठीच काढलेला, म्हणून आम्ही त्याचंच बी लावतो. पण पांढऱ्या माशीला तोंड देता येतं, कोरड्या मातीला नाही. तहानलेली भेंडी कोवळी दिसते आणि सुरीला लागली की दोरासारखी निघते.

पाचोळ्याचं दुसरं काम खताच्या ढिगात. स्वयंपाकघरातून निघतं ते सगळं ओलं: साली, देठं, चहाचा चोथा, कलिंगडाच्या खापा. त्यात नत्र भरपूर, कर्ब कमी. ढिगातल्या जिवाणूंना मात्र नत्राच्या एका भागाला साधारण तीस भाग कर्ब लागतो. नुसतं ओलं टाकत गेलं की ते दबतं, हवा कोंडते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. ओल्याच्या दीडपट-दुप्पट वाळकी पानं घातली की वास पळतो, ढीग आतून तापतो. पहाटे उकरला तर वाफ निघते.

कंपोस्टची जी पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणून गाजली, ती बसवताना अडचण याच्या बरोबर उलटी होती. १९२४ साली शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला आले. तिथं त्यांनी आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी यशवंत वाड यांनी जी पद्धत घडवली, तिची हकिकत दोघांच्या नावानं १९३१ मध्ये पुस्तकरूपानं आली. माळव्यात कपाशीच्या पळाट्या आणि धसकटं मोप होती. शेण मात्र गोवऱ्या थापून चुलीत जायचं. थोडक्या शेणात भरपूर वाळकं कसं कुजवायचं, हा त्यांचा प्रश्न. शहरातल्या घरात ओलं रोज निघतं आणि वाळकं मिळतं वर्षातून एकदाच.

म्हणून साठवण. चैत्रात गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, गहू ऊन खातो, वर्षाचं तिखट डब्यात जातं. त्याच हिशेबानं आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात पानांची पोती लागतात. शिरिषाची बारीक पानं हाताखाली, कारण ती लवकर कुजतात. आंब्याची पानं मागच्या रांगेत. चिवट, मेणचट, दिवाळीपर्यंत दम धरणारी. पोती पावसाला लागू द्यायची नाहीत, आणि विटांवर ठेवायची, नाहीतर वाळवी आपल्याआधी जेवून जाते.

तीनेक महिन्यांनी खत चाळताना चाळणीवर काय काय उरतं! कोंब फुटलेली आंब्याची कोय, लिंबावरचा दुकानदाराचा स्टिकर, मेलेलं वाटणारं पण दुसऱ्या दिवशी हलणारं कुठलंसं किडूक. आणि पिंपळाच्या पानाची जाळी. मऊ भाग केव्हाच गेलेला, शिरांमधलं लिग्निन जिवाणूंना शेवटपर्यंत न पचलेलं. शाळेच्या पुस्तकात ठेवण्यासाठी अशी पानं आपण मुद्दाम पाण्यात भिजत घालायचो. इथं ती मूठमूठभर निघतात आणि मी ती बिनदिक्कत पुन्हा ढिगात टाकते.

पहिल्यांदा पोतं घेऊन खाली गेले तेव्हा रस्ता झाडणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय ताई, कचऱ्यालाबी गिऱ्हाईक झालं व्हय आता?" झालं खरं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कुंड्यांवर पानं पसरली, त्यांचं पाहून समोरच्या इमारतीत दोघांनी ड्रम आणले. गाडीत भरून जाणारा ढीग आता सकाळी आठनंतर सापडत नाही. परवा तर फाटकाजवळच्या बदामाचा पाला नेमका कुणाचा, यावरून पार्किंगमध्ये चक्क शब्दाला शब्द लागला. वार्षिक सभेत हा विषय यायचा आहे. वाटपाचा ठराव कुणीही मांडो, अनुमोदन माझं; फक्त शिरीष आमच्या वाट्याला यावा.