आकड्यातले प्रथिन आणि पोटातले प्रथिन

खताचे पोते घेताना नुसता दर बघू नका, त्यात नत्र किती आहे ते बघा, असे मी गावोगाव सांगत आलो आहे. शंभर किलो युरियात ४६ किलो नत्र असते, अमोनियम सल्फेटमध्ये जेमतेम २१ किलो. पोत्याच्या किमतीला नत्राच्या किलोने भागा, म्हणजे कोणते खत स्वस्त ते कळते. हे गणित फळ्यावर मांडून दाखवले की शेतकरी माना डोलावतात. पिकाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण हेच गणित मी एकदा कोंबडीला लावले आणि फसलो. फसलो मी, पण नुकसान झाले ते दुसऱ्याच्या घरचे. ती गोष्ट आज सांगतो.

चाकण म्हटले की पूर्वी कांदा-बटाट्याचा बाजार डोळ्यासमोर येई. आता कारखाने येतात. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी करत कारखान्यांची रांग चाकणपर्यंत आली. जमिनी गेल्या, पण कामगार आले. खोलीखोलीतून राहणाऱ्या या पोरांना स्वस्त आणि झटपट खाणे म्हणजे अंडे. त्यामुळे ज्यांच्याकडे एक-दोन एकर उरले, त्यांतल्या काहींनी कोंबड्यांच्या शेड टाकल्या. अशाच एका गावातल्या एका वहिनींची सहाशे अंड्यांच्या कोंबड्यांची शेड होती. नवरा कारखान्यात कंत्राटी कामावर, शेडचा सगळा कारभार वहिनींकडे. मका, पेंड, भाताचा कोंडा, शिंपल्याचा चुरा आणून खाद्य त्या स्वतःच कालवीत. रोजची ४८० च्या आसपास अंडी निघत. थोरल्या मुलीच्या नर्सिंगची फी त्यातूनच जात असे.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचे भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. आपल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला ते वर्ष बरे गेले, पण पेंड विकत घेणाऱ्या कोंबडीवाल्यांचे कंबरडे मोडले. शेवटी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बाहेरून १२ लाख टन सोयाबीन पेंड आणायला परवानगी दिली, इतकी ओरड झाली होती. त्याच दिवसांत वहिनी एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. एक व्यापारी त्यांना सुकटीची भुकटी, म्हणजे सगळे ज्याला फिशमील म्हणतात ती, स्वस्तात देत होता. कागदावर तपासणीचा आकडा होता: प्रथिने ५५ टक्के.

मी पेन काढले, खताचे गणित मांडले. सोयाबीन पेंडीत प्रथिने ४४ ते ४८ टक्के, इथे ५५. आणि दर कितीतरी कमी. एक किलो प्रथिन केवढ्याला पडते ते काढून दाखवले आणि म्हणालो, "घ्या वहिनी, सोयाबीन पेंड काही दिवस बंद करा." मी पिकांचा माणूस. गुराढोरांच्या डॉक्टरांना एकदा विचारावे, एवढेही माझ्या मनात आले नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. अंडी तीनशेवर आली होती. कोंबड्या सारख्या पाणी पीत होत्या, खालचे तूस ओले होऊन शेडमध्ये डोळ्यांना झोंबेल असा वास सुटला होता. काही कोंबड्या एकमेकींची पिसे उपटीत होत्या. मी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन गेलो. रोगाची शंका नको म्हणून मेलेल्या दोन कोंबड्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवल्या. रोग निघाला नाही. मग डॉक्टरांनी भुकटी ओंजळीत घेतली, हुंगली, पेलाभर पाण्यात टाकून ढवळली आणि पाणी हळूच ओतून दिले. तळाशी राहिलेला थर बोटांना करकरत होता. वाळू! उरलेला नमुना तपासायला गेला. त्यात मीठ बेसुमार निघाले, आणि निघाला युरिया.

युरिया का? ते समजून घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत नेहमीच्या तपासणीत प्रथिन थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र असते. माल चोख असेल तर हा हिशेब बरोबर येतो. पण युरियात ४६ टक्के नत्र. त्याला ६.२५ ने गुणा, २८७ येतात! म्हणजे शंभर किलो भुकटीत किलोभर युरिया मिसळला की कागदावर प्रथिन जवळजवळ तीन टक्क्यांनी चढते. पस्तीस टक्क्यांची हलकी भुकटी आठेक किलो युरियाने पंचावन्नची होते. मी तीस वर्षे ज्या नत्राचे गोडवे गायले, त्याच नत्राने मला कागदावर चकवले.

कोणी म्हणेल, गाईला आपण युरिया प्रक्रिया केलेला कडबा देतोच की. खरे आहे, शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया हे प्रमाण मीच शिकवतो. पण गाय रवंथ करते. तिच्या पोटातल्या पिशवीत कोट्यवधी जिवाणू असतात, ते युरियाच्या नत्रापासून प्रथिन तयार करतात आणि गाय ते पचवते. कोंबडीला अशी पिशवी नाही. तिच्या पोटात युरिया गेला तो तसाच वाया जातो. तिला तयार प्रथिनच लागते. त्या कोंबड्यांच्या वाट्याला पंचावन्नच्या जागी खरे प्रथिन बत्तीस टक्केच आले, तेही सोयाबीन पेंड बंद करून.

आता दुसरी गोष्ट, जी यापेक्षाही महत्त्वाची. समजा भुकटी चोख असती, तरी माझे गणित अर्धेच होते. कारण सगळी प्रथिने सारखी नसतात. प्रथिन म्हणजे ओवलेली माळ, तिचे मणी वीसेक प्रकारचे. त्यांतले काही कोंबडीला शरीरात तयार करता येत नाहीत, ते खाद्यातूनच यावे लागतात. लायसीन आणि मेथिओनीन ही त्यांतली दोन मुख्य नावे लक्षात ठेवा. मंगळसूत्राला काळे मणी ढीगभर असले आणि वाट्याच नसल्या तर मंगळसूत्र होत नाही. तसेच हे. एक वाटी कमी पडली की बाकीचे मणी फुकट जातात, विष्ठेतून बाहेर पडतात आणि शेडमध्ये अमोनियाचा वास करतात. म्हणजे पैसे आपलेच, आणि डोळे चुरचुरतात तेही आपलेच.

आपल्या बायकांना हे शास्त्र न शिकता माहीत आहे. धान्यात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी. म्हणून भाकरीबरोबर पिठले, भातावर वरण. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कोंबडीच्या पेंडीचे तेच आहे.

शेंगदाणा पेंडीत प्रथिन ४० ते ४५ टक्के, म्हणजे आकडा सोयाबीनच्या तोडीचा. पण लायसीन आणि मेथिओनीन दोन्हींत ती लंगडी. सोयाबीन पेंडीत लायसीन भरपूर, मेथिओनीन मात्र थोडे उणे. तिळाच्या पेंडीत नेमके मेथिओनीन चांगले, लायसीन कमी. सूर्यफुलाच्या पेंडीचे तसेच, शिवाय टरफलाचा चोथा जास्त. करडईची पेंड सोललेली नसेल तर निम्मा भुसाच. सरकी पेंड गाईम्हशीला उत्तम, पण तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे अंडी ठेवल्यावर बलक हिरवट पडतो, म्हणून अंड्याच्या कोंबडीला ती नकोच. चोख सुकटीच्या भुकटीत दोन्ही वाट्या भरलेल्या असतात. म्हणूनच ती महाग, आणि म्हणूनच तिच्यात भेसळ.

अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून उरलेला मक्याचा आणि तांदळाचा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, बाजारात फार आला आहे. प्रथिन बरे असते, पण लायसीन कमी. शिवाय एक लक्षात ठेवा. मक्यातला स्टार्च, म्हणजे साधारण दोन तृतीयांश माल, इथेनॉलला जातो. मक्यात बुरशीचे विष असेल तर ते चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होऊन उरते. माल वाईट असे नाही, पण आंधळेपणाने घेऊ नका.

बुरशीच्या विषाची गोष्ट जुनी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. कारण सापडेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' रोग म्हटले. शेवटी दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत. त्या पेंडीवरच्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. आपल्याकडेही १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही. खेड-मावळच्या पावसात पेंडीचे पोते जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवले की आठ-पंधरा दिवसांत बुरशी आलीच म्हणून समजा. खाली फळ्या टाका, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणा. ढेकळे झालेली, कुबट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी परत करा.

आणखी एक चूक आपल्या घरच्या सोयाबीनची. घरचे आहे म्हणून कच्चेच भरडून कोंबड्यांना घालतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो चांगल्या भाजणीनेच मरतो. मात्र भाजून काळपट केले तर लायसीनही जळते. सोनेरी रंगावर थांबावे, हे ज्यांनी लाडवाचे बेसन भाजले आहे त्यांना सांगायला नको.

डॉक्टरांनी वहिनींना एक सोपी परीक्षा दाखवली, ती तुम्हीही करा. फिशमील पेलाभर पाण्यात ढवळून पाणी गाळून घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतला तांबडा लिटमस कागद त्यात बुडवा. तो तांबडाच राहिला तर त्या पाण्यात अर्धा चमचा कच्च्या सोयाबीनचे पीठ टाका आणि दहा मिनिटांनी दुसरा कागद बुडवा. हा निळा झाला तर युरिया आहे असे समजा आणि नमुना तपासायला द्या. पीठ टाकण्याआधीच कागद निळा झाला, तर भुकटी सडकी असण्याची शंका घ्या. सोयाबीनचे पीठ कच्चेच हवे, कारण युरिया फोडून अमोनिया करणारा घटक भाजल्यावर मरतो. म्हणूनच हीच परीक्षा उलटीही चालते. सोयाबीन पेंडीत युरियाचे पाणी घालून बघा. कागद चटकन गडद निळा झाला तर पेंड नीट भाजलेली नाही.

त्या दिवशी निघताना मी वहिनींना म्हणालो, "चूक माझी झाली." त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "साहेब, पोतं सोडलं तेव्हाच मला मोरीसारखा वास आला होता. पण तुम्ही कागद बघून घ्या म्हणालात. शिकलेल्या माणसापुढं मी काय बोलू?"

मी कृषी पदवीधर. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. पण त्या पोत्याची खरी परीक्षा त्यांच्या नाकाने केली होती, आणि माझ्या कागदाने ती खोटी ठरवली होती. मला भेसळीपेक्षा हे जास्त लागले.

भुकटी बंद केली. महाग असूनही सोयाबीन पेंड पुन्हा चालू केली, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी तिळाची पेंड घातली. महिनाभराने अंडी साडेचारशेपर्यंत आली. मधल्या काळात रोजचे आठशे-हजार रुपये बुडाले. मुलीची फी भागवायला वहिनींनी कानातले गहाण ठेवले होते, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळले. पक्की पावती नव्हती, त्यामुळे व्यापाऱ्याला काही करता आले नाही. पुढे कानातले सुटले, मुलगी शिकून कामालाही लागली. पण त्यांच्याकडे गेलो की माझी नजर अजून कानांकडे जाते.

आता त्यांच्या शेडमध्ये फळीवर काचेच्या बरण्यांची रांग आहे. आलेल्या प्रत्येक पोत्यातली मूठभर पेंड बरणीत, वर तारखेची चिठ्ठी, खाली पावती. आजूबाजूच्या बायका पेंड घेण्याआधी पुडी बांधून त्यांच्याकडे घेऊन येतात. मीही शेतकऱ्यांना आता वेगळे सांगतो. कागदावरचा आकडा जरूर वाचा, पण त्याआधी माल हातात घ्या, हुंगा, पाण्यात टाका. प्रथिन किती हे विचारा, मग कोणते हेही विचारा. पावती मागा. आणि साहेब काही म्हणाला तरी तुमच्या नाकाला वास आला असेल, तर तो साहेबाला सांगा.