मोहाच्या सावलीतील झोळी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसर लागते. तेथून जवळच मोहगाव आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली येथे पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. सरहद्दी बदलल्या, तरी अर्धनारीश्वराच्या देवळात आणि संत्र्यांच्या बागांत मराठी कानी पडते. अशा ठिकाणी सुटीत मुलाबाळांसह एक रात्र झाडांखाली काढावी, असे आमच्या पुष्कळ कुटुंबांस वाटते.

त्यासाठी हल्ली दुकानांतून हॅमॉक नावाची कापडी झोळी मिळते. १४९२ साली कोलंबसाने बहामा बेटांवर सुती जाळीचे असे बिछाने पाहिले. पुढे ते जहाजांवर खलाशांच्या उपयोगी पडले. परंतु झोळीची विद्या आमच्या शेतांतही आहे. निंदणीस आलेली माता जुन्या लुगड्याची झोळी झाडाला बांधते, ती खोल ठेवते; म्हणून बाळ कडेला घरंगळत नाही.

शहरातील पाहुणे मात्र झोळीला खाट समजून ताणून बांधतात. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर ६० किलो वजनाच्या माणसाचा प्रत्येक दोरावर सुमारे ६० किलोंचा ताण येतो. कोन १० अंशांचा झाला, की तोच ताण सुमारे १७३ किलो होतो. दोर तुटतो तो बहुधा अशा हौसेने. म्हणून झोळीला झोल हवाच. तीत तिरपे निजावे, म्हणजे पाठ सरळ राहते. बसण्याची जागा खुर्चीहून उंच नसावी. खाली दगड नसावेत.

झोळी घेताना ती दहा-अकरा फूट लांब व पाच फूट रुंद पाहावी. सुती जाळी भिजली की लवकर वाळत नाही. नायलॉनचे कापड हलके असते व चटकन वाळते. कापडातूनही डास चावतात, तेव्हा मच्छरदाणी हवी. हिवाळ्यात वारा खालून लागतो. पांघरुणाइतकीच पाठीखाली घोंगडी आवश्यक असते.

झाडे बारा ते पंधरा फूट अंतरावरची, जाड व जिवंत असावीत. वर वाळकी फांदी नाही ना, हे पाहावे. संत्र्याच्या झाडास झोळी बांधू नये. बारीक दोर सालीत रुततो. दोन इंच रुंद पट्टा वापरावा. मोहाचे झाड असेल, तर आधी विचारावे. चैत्रात त्याखाली पहाटे कोणाचे तरी कुटुंब फुले वेचावयास येते. त्या फुलांवर त्यांचे चार पैसे अवलंबून असतात. ती माणसे येण्यापूर्वी आपली झोळी सुटलेली असावी.