मॅट्रिक आणि मातृका

"मॅट्रिक झाला" हा वाक्प्रचार आपल्याकडे इतका रुळला आहे कीं, ती परीक्षा जाऊन तिच्या जागीं शालान्त परीक्षा आली त्यास कित्येक दशकें लोटलीं, तरी म्हातारीं माणसें दहावीच्या मुलास "यंदा मॅट्रिक ना रे?" असेंच विचारतात. ह्या शब्दाच्या पोटांत कोणता अर्थ दडला आहे, हें मात्र विचारणाराही नाहीं व सांगणाराही नाहीं. आम्ही कुतूहलानें कोश उघडला, तेव्हां मॅट्रिक्युलेशनच्या मागें मॅट्रिक्स हा शब्द उभा दिसला, आणि त्याच्याही मागें लॅटिन भाषेंतील "मातेर", म्हणजे आई!

लॅटिनमध्यें मॅट्रिक्स म्हणजे प्रथम वेतासाठीं राखलेली मादी, पुढें गर्भाशय, आणि उत्तरकाळीं नांवांची यादी. त्या यादीचें लघुरूप मात्रिकुला. विद्यापीठाच्या पटावर ज्याचें नांव चढलें तो मॅट्रिक्युलेट. मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें व 1859 सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते.

छापखान्यांत हाच शब्द अगदीं निराळा संसार करतो. अक्षराचा पोलादी ठसा कोरून तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला म्हणजे तेथें अक्षराची खोलगट आकृति उमटते, ती मातृका. ती सांच्यांत बसवून शिसें, अँटिमनी व कथील यांचा तप्त रस ओतला कीं खिळा जन्मास येतो. एका मातृकेपासून हजारों खिळे! हा मातृका शब्द आम्हांस फार आवडतो, कारण संस्कृतांत मातृका म्हणजे वर्णमालाही होय. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं कामास लागलेले जावजी दादाजी ह्याच विद्येच्या बळावर वर आले, व 1869 सालीं त्यांनीं निर्णयसागर छापखाना काढला.

आमचे पणजोबा अशाच एका खिळे ओतण्याच्या कारखान्यांत होते. मॅट्रिकच्या परीक्षेस ते दोनदां बसले व दोन्ही वेळां इंग्रजींत गेले. जन्मभर त्यांच्या नांवापुढें "नॉन-मॅट्रिक" ही शेंपटी राहिली. लग्नाच्या बोलण्यांतही ती आधीं निघाली, असें आजी सांगे. ज्या भाषेनें त्यांस दारांतून परतविलें तिचीं अक्षरें पुढें तीस वर्षें त्यांच्याच हातून ओतलीं गेलीं. ज्या शब्दानें त्यांस उणें ठरविलें, त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थानें पांच लेंकरांचें पोट भरलें. हें त्यांस कोणीं सांगितलें असतें तर ते हंसले असते, कीं गप्प बसले असते, याचा आम्ही अनेकदां विचार करतों.

गणितांत हा शब्द 1850 सालीं जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनीं आणला. आंकड्यांच्या आडव्याउभ्या ओळींच्या चौकोनी मांडणींतून लहानमोठे निश्चयक जन्मतात, म्हणून त्या मांडणीस त्यांनीं मॅट्रिक्स म्हटलें. हे गृहस्थ 1837 सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत दुसरे आले. परंतु ज्यू असल्यामुळें इंग्लंडच्या धर्मसंस्थेचीं कलमें त्यांस मान्य करवेनात, म्हणून पदवी मिळाली नाहीं. ती 1872 सालीं, धर्माची अट उठल्यावर, म्हणजे 35 वर्षांनीं मिळाली. 1858 सालीं त्यांचे मित्र आर्थर केली यांनीं ह्या मांडण्यांचें बीजगणित रचलें. त्यांत अ गुणिले ब आणि ब गुणिले अ सारखे येतीलच असें नाहीं! 1925 सालीं हायझेनबर्ग यांस अणूच्या गणितांत हीच विचित्र गोष्ट आढळली, व ते मॅट्रिक्सच आहेत हें माक्स बॉर्न यांनीं ओळखलें.

भूगर्भशास्त्रांत स्फटिक ज्या खडकांत रुतलेले असतात तो मॅट्रिक्स, शरीरशास्त्रांत नख जेथून वाढतें तोही मॅट्रिक्स. हिंदींत गणितांतल्या मॅट्रिक्सला आव्यूह म्हणतात. शब्द भारदस्त खरा, पण व्यूहांत सैन्य उभें राहतें, आई दिसत नाहीं. आम्ही आपले वहींत मातृका असेंच लिहितों, आणि आमच्या गणिताच्या गुरुजींनीं अद्याप त्यावर तांबडी रेघ ओढलेली नाहीं.